टफ्टेड गालिच्यावरून रागावलेल्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबवते. गालिचा घ्यायचा तर गाठी मोजून घ्या, नाहीतर सतरंजी घ्या, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावरचं तुमचं म्हणणं इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. टफ्टेडला मी 'गोंदाचा गालिचा' म्हणून हिणवलं, जेव्हा की तोही कारागिराच्या हातचाच असतो. ऐरोलीतल्या टू बीएचकेवाल्यांनी गाठी मोजत बसायचं म्हणजे चोचले. आणि एवढं करून मी सुचवली काय, तर सतरंजी, जी लग्नाच्या हॉलमध्ये अंथरतात! वर तुम्ही लिहिलंय की वाशीच्या प्रदर्शनातून घेतलेला तुमचा 'बांबू सिल्क'चा टफ्टेड गालिचा दिवाळीपासून झकास आहे.

गोंद हा शब्द मी काही मागे घेणार नाही. टफ्टिंगमध्ये चौकटीवर कापड ताणतात आणि हातातल्या बंदुकीसारख्या यंत्रानं, म्हणजे गननं, लोकर त्यातून आरपार मारत नेतात. ती जड गन नक्षीच्या रेघेवरून सरळ चालवणं, मग कात्रीनं लव कापून फुलं उठवणं, हे हातकामच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लोकरीचा एकही धागा कशाला बांधलेला नसतो. मागून लेटेक्स, म्हणजे रबरी गोंद, फासतात, त्याच्या जोरावर सगळं उभं राहतं, आणि ती बाजू दुसरं कापड चिकटवून झाकून टाकतात. गाठीच्या गालिच्यात हाच धागा ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोन धाग्यांभोवती गुंफलेला असतो. तिथे गोंदाचा संबंधच येत नाही.

दिल्लीत किंवा जयपुरात राहत असते, तर कदाचित एवढा आग्रह धरला नसता. आपल्याकडे नवी मुंबईत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खाडीची हवा. लेटेक्स उष्णतेनं आणि दमटपणानं वर्षागणिक कडक होत जातं आणि मग सुटतं. खारघरला एका मैत्रिणीकडे सोफ्याखालचा गालिचा सरकवला, तर टाइल्सवर बेसनासारखी पिवळट भुकटी. पाठीचं कापड एका कोपऱ्यात फुगलेलं, आणि दर पावसाळ्यात येणारा कुबट वास बाथरूमचा समजून तिनं प्लंबर बोलावलेला! वरून मात्र गालिचा अगदी नव्यासारखा. धुवायची सोय नाही, कारण दोन कापडांच्या मध्ये शिरलेलं पाणी लवकर वाळतच नाही.

आता गाठींचं. गाठी मोजा म्हटलं ते भाव पटतोय का हे बघायला. सहा बाय चार फुटांचा गालिचा म्हणजे ३,४५६ चौरस इंच. चौरस इंचाला १०० गाठी धरल्या तरी साडेतीन लाखांच्या घरात जातात. हात बसलेला विणकर दिवसाला सहा ते दहा हजार गाठी मारतो असं धरलं, तर त्या एका तुकड्यात माणसाचे महिना-दोन महिने गेले. गनवर तेवढंच काम दोन-चार दिवसांत उरकतं. मग दोन्हींवर 'हँडमेड' अशी एकच चिठ्ठी लावून जवळपास सारखी किंमत सांगितली, तर फसवणूक कोणाची? आणि अगदी बारीक गाठींचा काश्मिरी घ्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तिबेटी पद्धतीच्या गालिच्यात चौरस इंचाला ६० ते १०० गाठीच असतात, तरी लोकर चांगली असली तर तो भरपूर टिकतो. घरात वावरायला तेवढं पुरे. बारीक नक्षी हवी असेल, तरच गाठी वाढवायच्या.

ओळखायला सोपं आहे, उलटा करून बघा. पाठीवर नक्षी जशीच्या तशी आणि गाठी थोड्या वेड्यावाकड्या दिसल्या, तर हाताची गाठ. सगळं पट्टीनं आखल्यासारखं दिसलं, तर मशीन. कापड चिकटवलेलं असलं, तर बहुधा टफ्टेड. झालरही बघा. गाठीच्या गालिच्यात ती ताण्याचीच टोकं असतात, बाकीच्यांत बहुतेक वेळा वेगळी शिवलेली.

सतरंजीबद्दल मात्र तुमच्याशी भांडणारच. हॉलमधली पट्ट्यापट्ट्यांची पातळ सतरंजी वेगळी. मी सुचवलेली ती पंजा दरी, म्हणजे जाड विणीची सतरंजी. ती विणताना फणीसारख्या लोखंडी पंजानं बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून ठोकून बसवतात, त्यामुळे ती जाड आणि घट्ट होते. वारंगळ, मिर्झापूर आणि धारवाड जिल्ह्यातलं नवलगुंद, तिन्ही ठिकाणच्या दऱ्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे. नवलगुंदच्या तर बायकाच विणतात. तुम्ही उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिचे विणणाऱ्या कारागिरांच्या पोटाचा मुद्दा काढलात. मिर्झापूर त्याला अगदी लागून आहे, म्हणजे दरी घेतली तरी पैसा त्याच भागात जातो. सुती दरी दोन्ही बाजूंनी वापरता येते, गच्चीत धुता येते, उन्हात वाळते. खोट एवढीच की गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते. खाली जाळीची मॅट टाकावीच लागते, विशेषतः घरात आजी-आजोबा असतील तर. घेताना ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासून बघा, रंग सुटत असेल तर ठेवून द्या. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हातमागाचं प्रदर्शन असेल तेव्हा चक्कर मारा. विणकर स्वतः बसलेला असला, तर उलटून दाखवायला कुरकुर करत नाही.

टफ्टेड कधीच घेऊ नये असं नाही. भाड्याचं घर असेल, चार-पाच वर्षांनी टाकून द्यायची तयारी असेल, तर खुशाल घ्या, फक्त त्याच हिशेबानं पैसे मोजा.

तुमच्या 'बांबू सिल्क'चं सांगायचं तर त्यात रेशीम नाही. लगद्यापासून रसायनांनी काढलेला तो व्हिस्कोसचा धागा. चमक सुंदर, पण ओला झाला की कमजोर पडतो, आणि साधं पाणी सांडलं तरी पिवळट डाग राहू शकतो. दिवाळीपासून चांगला आहे म्हणता, पण त्यानं अजून पावसाळा कुठे पाहिलाय? जूनच्या आधी बाल्कनीच्या दारापासून आत घ्या. चहा सांडला तर कोरड्या कापडानं टिपा, घासू नका. आठवड्यातून एकदा उलटा करून पंख्याखाली ठेवा. आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, ओलं फडकं गालिच्याच्या कडेखाली सरकवायचं नाही. पाठीच्या कापडात शिरलेली ओल लवकर बाहेर येत नाही.