नहाणी ट्रॅप, मुक्काम यलोस्टोन

घरात वास आला तर माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. मोटरहोममध्ये दुसरी खोली नसते. तीस फुटांत स्वयंपाकघर, बैठक, शेजघर आणि संडास मांडीला मांडी लावून बसलेले, आणि या सगळ्यांच्या पायाखाली दोन टाक्या. एक ग्रे, म्हणजे आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची. दुसरी ब्लॅक. तिच्याबद्दल चहाच्या वेळी बोलू नये.

आई-बाबा सांगलीहून आले होते, म्हणून सॉल्ट लेक सिटीहून गाडी भाड्याने घेतली आणि यलोस्टोनच्या दिशेने निघालो. आयडाहो फॉल्सपर्यंत सगळं झकास. पुढे अॅश्टनचा चढ लागला, गाडी जरा हेलकावे खायला लागली आणि वास आला.

बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. अशा वेळी सभ्य कुटुंब खिडकीबाहेरची शोभा बघतं. शेवटी आईच म्हणाली, "फ्रिजमध्ये काही नासलंय का गं?"

"फ्रिजमध्ये तुमचीच लसणीची चटणी आहे, आई," बायको म्हणाली. शांतपणे. हा शांतपणा मला ओळखीचा आहे.

चटणी निर्दोष सुटली. मग चिरंजीवांच्या बुटांची झडती झाली, तेही सुटले. वास बाथरूममधून येतोय यावर एकमत झालं तेव्हा एसीसाठी खिडक्या घट्ट बंद करून आम्ही बाथरूमच्या छतातला पंखा लावला. वास वाढला. पंखा फुल्ल केला. वास गाडीच्या पुढच्या काचेपर्यंत पोचला.

गाडी देणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, टाकीत घालायचं निळं औषध आणखी ओता. ओतलं. त्याने मूळ वास तसाच राहिला, वर लव्हेंडरची फोडणी बसली.

वेस्ट यलोस्टोनच्या कॅम्पग्राउंडवर बाबांनी सूत्रं हाती घेतली. हयात पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर म्हणून काढलेला माणूस. इतका वेळ आम्ही कुणीच त्यांना विचारलं नव्हतं, याचा राग त्यांनी वेगळा राखून ठेवला होता. "नाकावर विश्वास ठेवायचा नाही. ते थोड्या वेळात वासाला सरावतं. बाहेर जायचं, मोकळी हवा घ्यायची, आत येऊन एकच श्वास, आणि साक्ष द्यायची." मग आम्ही एकेक जण बाहेर पाइनच्या झाडाखाली उभे राहून आत साक्षीला जात होतो. शेजारच्या गाडीतलं वयस्कर जोडपं खुर्च्या टाकून हा कार्यक्रम बघत होतं.

पहिली संशयित अर्थातच ब्लॅक. कमोडच्या भांड्यात रात्री पाणी भरून ठेवलं. सकाळी ते जसंच्या तसं होतं, म्हणजे खालची रबरी रिंग शाबूत होती. मग बाबांनी बेसिनच्या आणि शॉवरच्या जाळीवर पॉलिथिन ताणून चिकटपट्टीने बंद केलं, खिडक्या लावल्या आणि म्हणाले, "आता लाव पंखा."

बेसिनवरचं पॉलिथिन जेमतेम हललं. शॉवरवरचं मात्र टम्म फुगलं, तेलातल्या पुरीसारखं.

"नहाणी ट्रॅप कोरडा पडलाय," बाबांनी निकाल दिला.

जाळीखालच्या पाइपाला एक बाक असतो. त्या बाकात पाणी साचून राहतं आणि ते पाणी हाच खालच्या हवेला लावलेला दरवाजा. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली संडासासाठी असा बाक घालून पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जागच्या जागी उभं राहणारं घर असणार. घाट चढणारं नव्हे. शॉवरच्या खाली टाकी असल्यामुळे इथला ट्रॅप आधीच उथळ. हेलकाव्यांनी त्यातलं पाणी उडून गेलं. त्यात बंद खिडक्या आणि वर पंखा. पंखा हवा बाहेर फेकणार, मग तेवढीच हवा कुठून तरी आत येणार, आणि वाट मोकळी होती ती थेट ग्रे टाकीतून. साबण, तेल, खरकटं असं सगळं उन्हात कुजत पडलेलं. ज्या ब्लॅकवर सगळ्यांचा संशय, ती बिचारी सोज्वळ.

"उन्हाळ्यात गावाहून परत आलो की मी आधी न्हाणीत बादलीभर पाणी ओतते, ते कशासाठी?" आई म्हणाली. हे तिने काल का नाही सांगितलं, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तरी बेसिनखाली थोडा वास उरलाच. तिथल्या पाइपावर काळ्या प्लॅस्टिकची एक झडप होती. तिने हवा आत घ्यावी, बाहेर सोडू नये, एवढीच अपेक्षा. आतलं रबर चिकटून उघडंच राहिलं होतं. हाताने फिरवून काढली, नवी बसवली. फारसा खर्च नाही. बाबांनी जुनी झडप मात्र रुमालात गुंडाळून ठेवली. पुरावा.

मग फर्मान निघालं. पंखा लावायचा तर खिडकी उघडी हवी. आणि मुक्कामाला गाडी थांबली की शॉवरमध्ये आणि दोन्ही बेसिनमध्ये एकेक तांब्या पाणी. तांब्या सांगलीचा, आई तो का घेऊन आली, हे विमानतळावर तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी ओतायचं खातं नातवाकडे, देखरेख आजोबांकडे.

दुसऱ्या दिवशी फिशिंग ब्रिजला जाताना वाटेत मड व्होल्कॅनोपाशी थांबलो. दार उघडलं आणि सडक्या अंड्यांचा दर्प आत शिरला. बाबांनी नातवाकडे अशा नजरेने पाहिलं, की पोरगं रडकुंडीला आलं. "आजोबा, आय स्वेअर, मी तिन्हीकडे ओतलं!"

मी समोरच्या फळ्यावरचं वाचून दाखवलं. हा हायड्रोजन सल्फाइड, जमिनीच्या पोटातून येतो. पलीकडे ड्रॅगन्स माउथ नावाच्या गुहेतून वाफा उसळत होत्या, घुर्र घुर्र आवाज येत होता. बाबांनी तो आवाज कान देऊन ऐकला.

"याचाही ट्रॅप गेलाय," ते म्हणाले, आणि तांब्या भरायला परत गाडीत चढले.