सागवानी पेटी, ठासून कापूस आणि मोठं भोक: त्या मेसेजमधलं एकेक बघू

घरी स्पीकर बनवणाऱ्यांच्यात एक मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. परवा तो परत आला, यावेळी भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, मामा, जुनं सागवान कुठे मिळेल? मेसेजचं म्हणणं असं: पेटी सागवानीच हवी म्हणजे वाद्यासारखा गोड आवाज येतो, पेटी जेवढी मोठी तेवढा बेस, आत कापूस ठासून भरा, पोर्टचं (पेटीतली हवा आत-बाहेर जायला ठेवलेल्या पाईपचं) भोक मोठं ठेवा, पाईप कितीही लांबीचा चालतो, आणि शेवटी पेटीला आतून-बाहेरून आणि वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कोनलाही, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या पडद्यालाही, पॉलिश मारा म्हणजे आवाज उजळतो. बरीच पोरं हे वाचून पैसे घालतायत म्हणून नीट लिहितो.

आधी सागवान. वाद्याशी तुलना केली ना, तिथेच गडबड आहे. तंबोऱ्याचा भोपळा घुमतो कारण तारेचा आवाज मोठा करणं हे त्याचं कामच आहे. स्पीकरमध्ये आवाज काढायचं काम कोनचं, पेटीने गप्प बसायचं. पेटी स्वतः घुमायला लागली तर तबला असो, बासरी असो की बातम्या, सगळ्यावर त्या लाकडाचा एकच सूर चढतो. म्हणून १८ मिमीचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) किंवा चांगला प्लाय घ्या आणि आत आडव्या पट्ट्या मारा, बरोबर मध्यावर नको, थोड्या बाजूला, म्हणजे फळीचा कंप वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकतो आणि कमी पण होतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा, ढब ढब वाजलं तर अजून पट्टी लागणार, टक् असा आखूड आवाज आला तर झालं. मी चिपळूणला असताना जुन्या दाराच्या सागवानी फळ्यांची जोडी केली होती, दिसायला फार देखणी, पण जुलैत फळ्या फुगल्या आणि दिवाळीनंतर आक्रसल्या, जोडाला बारीक फट पडली आणि तंबोऱ्याच्या खर्जाला ती फट फुरफुरायला लागली. सागवान आवडतं तर वरून त्याचं व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, लावा, आवाजाचं काही बिघडत नाही.

मोठी पेटी म्हणजे जास्त बेस, हे अर्धवट खरं आहे आणि म्हणून जास्त फसवतं. पेटी किती लिटरची हवी ते वूफर ठरवतो: त्याची मोकळ्या हवेतली रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (ज्या सुराला कोन आपसूक सगळ्यात जास्त डोलतो), त्याच्या सस्पेन्शनचा (कोनला धरून ठेवणाऱ्या लवचीक कडेचा) मऊपणा, मॅग्नेटची पकड. हे आकडे कसे वापरायचे ते ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पूर्ण केलं, म्हणूनच डेटाशीटवर (वूफरबरोबर येणाऱ्या माहितीच्या कागदावर) थील-स्मॉल असं लिहिलेलं असतं. पोर्टवाली पेटी गरजेपेक्षा मोठी केली तर कोनला मागून हवेचा आधार कमी पडतो, आवाज वाढवला की तो जास्त हलतो आणि त्याच्या मागची तारेची कॉइल आपटते. उलट १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी मऊ सस्पेन्शनचा वूफर एका छोट्या सीलबंद पेटीत बसवला आणि त्यातून खोल बेस काढून दाखवला, तेव्हा लोक कपाटाएवढ्या पेट्या वापरत होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेतलेल्या वूफरला बऱ्याचदा डेटाशीटच नसते, तरी रेझोनन्स घरी काढता येतो. ॲम्प्लिफायर आणि वूफरच्या मधे १ किलोओहमचा रेझिस्टर सीरिजमध्ये लावा, फोनवरच्या टोन जनरेटर ॲपने (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सूर वाजवणाऱ्या) २० ते २०० हर्ट्झ हळूहळू फिरवा आणि वूफरच्या टोकांवर व्होल्टेज बघा. जिथे ते सगळ्यात जास्त तो रेझोनन्स. फक्त मल्टिमीटर एसी मिलिव्होल्ट दाखवणारा लागतो, स्वस्त मीटरवर बऱ्याचदा एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर काही कळणार नाही.

कापसाचं थोडक्यात. सीलबंद पेटीत तंतू भरले की हवा थोडी मऊ वागते आणि पेटी मोठी असल्यासारखी वाटते, पण थिअरीतसुद्धा ४० टक्क्यांच्या पुढे नाही आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी खूप. ठासून भरलं तर हा फायदाही जातो. पोर्टवाल्या पेटीत ठासणं तर नकोच, पोर्टचाच जीव जातो, भिंतींना आतून अस्तर पुरे. आणि साधा कापूस दमट हवेत खाली बसतो, उशीतला पॉलिस्टर वापरा.

आता पोर्ट, सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग आणि पाईपमधली हवा म्हणजे वजन, दोघं मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला डोलतात, यालाच ट्यूनिंग म्हणतात. ४० लिटरची पेटी, आतून ७.५ सेंमी व्यासाचा पाईप, लांबी १५ सेंमी: ट्यूनिंग साधारण ४० हर्ट्झ. तोच पाईप कापून ५ सेंमी लांबीचा केला तर ५६ च्या आसपास, म्हणजे खालचा बेस गेला आणि वर ढमढम वाढली. मोठं भोक चांगलं असतं हे खरं, हवेची फुसफुस कमी होते, पण १० सेंमी व्यासाचा पाईप घेतला तर त्याच ४० हर्ट्झला जवळजवळ २९ सेंमी लांबी लागते. मेसेज तर म्हणतो कितीही लांबीचा चालतो! तपासायला सोपं आहे, टोन फिरवत जा, ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टसमोर धरलेल्या उदबत्तीचा धूर जोरात हलतो.

पॉलिशने आवाज उजळत नाही. एमडीएफला ओलाव्यापासून वाचवायला फिनिश हवंच, कापलेल्या कडा रंग पितात म्हणून त्यांना आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात, मग घासून प्रायमर, मग रंग किंवा सनमायका, जे आवडेल ते. आवाजासाठी महत्त्वाचं म्हणजे आतले जोड सील करणं आणि वूफरच्या रिंगखाली फोमची गास्केट. सीलबंद पेटीत कोन हलक्या हाताने सगळीकडून सारखा आत दाबून सोडा, सावकाश परत आला तर हवा गळत नाहीये. कोनला मात्र पॉलिश लावू नका. त्याचं वजन वाढतं, रेझोनन्स खाली जातो आणि त्याच व्हॉल्यूमला आवाज कमी येतो. काही कंपन्या कोटिंग देतात पण ते वजन धरूनच त्यांनी वूफर डिझाईन केलेला असतो.

भाच्याला १८ मिमीचा प्लाय आणायला सांगितलंय, पेटी ४० लिटरचीच, आणि पाईप आधी १८ सेंमी लांबीचा ठेव, चिकटवू नकोस, टोन लावून बघ आणि मग एकेक सेंमी काप.