मूल भेटू देत नाहीत म्हणून खर्च बंद? असं चालत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, की नवरा-बायको वेगळे झाल्यावर समोरचा पालक मुलाला भेटू देत नसेल तर मुलासाठी दर महिन्याला द्यायचा खर्च थांबवायचा हक्क आपोआप मिळतो. अजिबात नाही. भेट आणि खर्च ही बहुतेक देशांच्या कायद्यात वेगवेगळी प्रकरणं आहेत, आणि पैसा मुलाचा असतो, एक्सचा नाही (हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही). यूएनच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम २७ मध्ये, मुलाच्या राहणीमानाची पहिली जबाबदारी पालकांचीच म्हटलीय, वर पालक परदेशात असला तरी त्याच्याकडून वसुलीची सोय सरकारने करावी असंही आहे. भेट नाकारली तर त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करा, पण मुलाच्या खर्चाचा हप्ता चालू ठेवून. नोकरी गेली, पगार कमी झाला तरी गप्प बसू नका, रक्कम बदलून घ्यायला लगेच अर्ज टाका कारण थकबाकी साचत जाते आणि मागची सहसा माफ होत नाही. आणि हो, हातात रोख देऊ नका, ट्रान्सफर करा, रिमार्कमध्ये 'जूनचा मुलाचा खर्च' एवढं लिहा. सायकल घेऊन दिलीत ती बहुतेक वेळा गिफ्टच धरतात, हप्त्यातून वजा होईल असं समजू नका.