पगार जरासा वाढला की पाळणाघराची सवलत बंद!

पगारवाढीचं पत्र हातात पडलं की पोटात गोळा येतो, हे कुणाला सांगून पटेल का? अनुदानित पाळणाघरात मूल ठेवणाऱ्या आईबापांना विचारा. उत्पन्नाची एक मर्यादा ठरवलेली असते. तिच्या आत आहात तोवर फी कशीबशी परवडते. जरा वर गेलात, एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम जास्त झाला, की सवलत बंद. कमी नाही होत, थेट बंद! वाढून आलं त्याच्या कितीतरी पट फीमध्ये जातं. म्हणून बायका बढती नाकारतात, जादा शिफ्ट नको म्हणतात. साहेब मात्र समजतात, हिला पुढे जायचंच नाही. डोकं फिरतं माझं हे बघून.

अरे, उत्पन्न वाढेल तशी फी हळूहळू वाढवा ना! भरू की आम्ही. फुकट कोण मागतंय? आणि हे जमत नाही असं मला सांगू नका. स्वीडनने 2002 मध्ये फीला कमाल मर्यादा घातली. पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 3 टक्के, दुसऱ्यासाठी 2, तिसऱ्यासाठी 1. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला 5 डॉलर अशी सरसकट फी सुरू केली आणि लहान मुलांच्या आया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या. तिथेही जागा पुरल्या नाहीत, लोक यादीत ताटकळत राहिले, हे खरंच. म्हणजे फी कमी करून भागत नाही, जागाही वाढवाव्या लागतात. अमेरिकेने 2014 च्या कायद्यात एवढं तरी केलं की एकदा पात्र ठरलेल्या कुटुंबाची मदत किमान 12 महिने चालावी, मधल्या काळात कमाई थोडी हलली म्हणून तोडू नये. पण पैसेच इतके तुटपुंजे की तिथे पात्र असलेल्या बहुतेक मुलांपर्यंत मदत पोचत नाही.

आणि ती कागदपत्रं! पगाराची पावती, मालकाचं पत्र, पत्त्याचा पुरावा. ज्याची कमाई दर आठवड्याला बदलते त्याने कुठला आकडा लिहायचा? कागद द्यायला जायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाते. ज्यांच्याकडे वेळ नाही म्हणून त्यांना पाळणाघर लागतं, त्यांचाच वेळ रांगेत घालवायचा. एक कागद राहिला की मुलाची जागा दुसऱ्याला.

वेळेचं तर विचारूच नका. शिफ्ट संपायच्या आधीच पाळणाघर बंद होतं. उशीर झाला की दंड, आणि तो सवलतीत बसत नाही. रात्रपाळीच्या नर्सने, पहाटे कामावर निघणाऱ्या सफाई कामगाराने मूल कुठे ठेवायचं?

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंवर मी चिडत नाही. तान्ह्या बाळांमागे माणसं जास्तच लागतात, एका बाईच्या हातात दहा बाळं कोण सोपवेल? त्यामुळे खर्च खरोखरच मोठा आहे. सरकार प्रत्येक मुलामागे जे देतं ते त्या खर्चाला पुरत नसेल, तर पाळणाघरं सवलतीची मुलं घ्यायलाच तयार होत नाहीत, किंवा फरक आमच्याकडून वसूल करतात. यातून वाट एकच, सरकारने खरा खर्च भरावा. मुलं सांभाळणाऱ्या बायकांचे पगार आधीच इतके कमी असतात की त्यातल्या अनेकींना स्वतःचं मूल त्याच पाळणाघरात ठेवणं परवडत नाही. त्यांच्या पगाराला कात्री लावून आमची फी कमी केलेली मला नको आहे.

एवढं सगळं बोललं की कुणीतरी हमखास म्हणतं, "इतकं महाग पडतंय तर आईने घरी बसावं काही वर्षं." हे बापाला कुणी कधी सांगत नाही. आणि ती काही वर्षं संपल्यावर तिला त्याच पगारावर, त्याच जागेवर कोण परत घेणार आहे? त्या वर्षांचा भविष्य निर्वाह निधी कोण भरणार आहे? आधी त्याचं उत्तर द्या, मग आम्हाला घरी बसायला सांगा.