पिन बदलली म्हणून आवाज बदलत नाही

‘बॅलन्स्ड केबल घ्या. खरखर गायब, ताकद दुप्पट, डावं-उजवं एकदम सुटं. पिन जुळत नसेल तर अडॅप्टर लावा, झालं काम.’ हेडफोन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला कुठून ना कुठून मिळतोच. बॅलन्स्ड म्हणजे दोन्ही कानांचे प्लस-मायनस चार वेगळ्या तारांनी नेणारी जोडणी. यातली पहिली गोष्ट चूक आहे, मधल्या दोन अर्धवट आहेत आणि शेवटची ऐकलीत तर सिग्नलला ताकद देणारा अ‍ॅम्प जळू शकतो.

खरखरीपासून सुरुवात करू. ही समजूत आली माइकच्या केबलवरून. तिथे तीन पिनांचा एक्सएलआर कनेक्टर असतो: 1 नंबर ग्राउंड, 2 वर सिग्नल, 3 वर तोच सिग्नल उलटा. सिग्नल मिलिव्होल्टमधला आणि केबल लांबलचक. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच बसते. पलीकडचा, सिग्नल मोठा करणारा प्रीअ‍ॅम्प दोन तारांमधला फक्त फरक घेतो, त्यामुळे ती घरघर वजा होते. हेडफोनच्या टोकाला असं वजाबाकी करणारं सर्किट नसतं, असते ती नुसती कॉइल, म्हणजे आवाज काढणारं तारेचं वेटोळं. आणि कॉइलला नेहमी दोनच टोकं, प्लस आणि मायनस, मग पिन कुठलीही असो. शिवाय इथला सिग्नल दणकट आणि केबल दीड-दोन मीटरची. जी घरघर मुळात आत शिरतच नाही, ती घालवल्याचं श्रेय कसलं? उलट बॅलन्स्ड आउटपुटमध्ये प्रत्येक कानामागे दोन अ‍ॅम्प चालतात आणि दोघांची सूक्ष्म सळसळ एकत्र येते. संवेदनशील इअरफोनमध्ये ती कधीकधी जास्तच ऐकू येते.

ताकदीचं म्हणणं बरंचसं खरं, पण ती ताकद अ‍ॅम्पची, केबलची नव्हे. एक अ‍ॅम्प प्लस ढकलतो, दुसरा मायनस उलट्या दिशेने ओढतो, म्हणून व्होल्टेज दुप्पट, म्हणजे 6 डेसिबल जास्त. करंट पुरला तर पॉवर चौपटसुद्धा होते. पण आउटपुट इम्पिडन्सही, म्हणजे आउटपुटचा स्वतःचा रोधही, दुप्पट होतो, हे कोणी सांगत नाही. आणि 6 डेसिबल मोठं वाजलेलं गाणं कुणालाही ‘स्वच्छ’ वाटतं! दोन्हींचा आवाज आधी मोजून समान करा, मग तुलना करा.

डावं-उजवं सुटं होण्यात मात्र तथ्य आहे. साध्या 3.5 मिमी पिनमध्ये टोकावर डावा, मधल्या रिंगवर उजवा आणि बुडाच्या स्लीव्हवर दोघांचा मिळून एकच मायनस. या सामाईक वाटेत 0.1 ओम रोध असेल आणि हेडफोन 32 ओमचा असेल, तर एका कानाचा साधारण तीनशेविसावा भाग दुसऱ्या कानात जातो, म्हणजे सुमारे 50 डेसिबल खाली. सामाईक तार बारीक आणि लांब असेल तर हे बिघडतं. पण पिनपर्यंत चारही तारा वेगळ्या आणल्या, तर 3.5 मिमीवरही बराचसा फायदा पदरात पडतो.

आता वायरिंग, कारण खरा घोळ इथेच होतो. बॅलन्स्डच्या 2.5 मिमी पिनमध्ये टोकापासून क्रम असा: उजवा मायनस, उजवा प्लस, डावा प्लस, डावा मायनस. 4.4 मिमीमध्ये डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस आणि पाचवा ग्राउंड. चार पिनांच्या एक्सएलआरमध्ये 1 ते 4 हाच 4.4 वाला क्रम. मी एकदा 2.5 कापून 4.4 बसवताना जुन्याच क्रमाने सोल्डर केलं. डावं-उजवं तर उलटलंच, वर एका कानाची पोलॅरिटीही, म्हणजे प्लस-मायनसही, उलटी झाली. गायिका मधोमध उभी राहायची सोडून डोक्याभोवती भिरभिरायला लागली. दहा मिनिटं मी रेकॉर्डिंगलाच दोष देत होतो.

आणि अडॅप्टर. बॅलन्स्ड हेडफोन साध्या आउटपुटला जोडायचा असेल तर खुशाल जोडा, दोन मायनस ग्राउंडला एकत्र येतात, एवढंच. उलटं, म्हणजे साधा हेडफोन बॅलन्स्ड आउटपुटला, मात्र जोडू नका. साध्या तीन टप्प्यांच्या पिनमध्ये दोन्ही मायनस आधीच जोडलेले असतात. बॅलन्स्ड अ‍ॅम्पमध्ये ते दोन्ही जिवंत आउटपुट असतात, म्हणजे तुम्ही दोन अ‍ॅम्पची तोंडं एकमेकांना जोडली. गाणं मोनो असेल तर दोन्हीकडे सारखंच असल्याने काही जाणवणारही नाही. स्टीरिओ सुरू झालं की दोघांची झटापट. संरक्षण सर्किट असेल तर वाचलात. फक्त दोन प्लस आणि पाचवा ग्राउंड वापरणारे अडॅप्टर, त्या सॉकेटमध्ये ग्राउंड जोडलेला असेल तर, चालतात, पण मग अर्धाच अ‍ॅम्प वापरात येतो.

विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर, ठेवा. हेडफोन अडॅप्टरला जोडा, पण अ‍ॅम्पला लावू नका. 4.4 पिनच्या टोकापासून दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्याला प्रोब टेकवा. बीप वाजला, तर ती पिन बॅलन्स्ड आउटपुटमध्ये घालू नका.