‘करारावर सही केली की कायदा लागू नाही’ या मेसेजबद्दल खुलासा

‘परदेशात खासगी सुरक्षा कंत्राटदार झालात की कुठल्याच देशाचा कायदा लागत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. इराकमध्ये अशा कंत्राटदारांना स्थानिक कायद्यातून सूट होती, गैरसमज बहुधा तिथूनच आला. ती २००९ मध्ये संपली. पण सूट असतानाही, २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात झालेल्या गोळीबाराबद्दल ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या चौघांना अमेरिकी न्यायालयानं २०१४ मध्ये दोषी ठरवलंच. (२०२० मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली, ती गोष्ट वेगळी.) खासगी लष्करी-सुरक्षा कंपन्यांबद्दलचा २००८ चा आंतरराष्ट्रीय ‘माँत्रो दस्तऐवज’ स्वतः बंधनकारक नाही, पण कर्मचाऱ्यांवर राष्ट्रीय कायदा लागू राहतो हे त्यात स्पष्ट आहे. भरतीआधी पूर्वइतिहासाची पडताळणी आणि प्रशिक्षण यांवरही त्याचा भर आहे. सहीआधी करारातलं ‘लागू कायदा’ हे कलम वाचा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.