वाटी हे माप नाही

मागच्या वर्षी एका रात्री साडेअकराच्या सुमारास झोपेतच मला दरदरून घाम फुटला. उठून बसले तर हात थरथरत होते आणि शेजारी झोपलेल्या नवऱ्याला हाक मारायची तर शब्द जुळेनात. शुगर मोजायच्या मीटरवर आकडा ४९, म्हणजे फारच कमी. ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ६८. पुन्हा तेवढंच ग्लुकोज, पुन्हा वाट पाहणं, मग ९१. तो अर्धा-पाऊण तास मी अजून विसरलेले नाही.

मला टाइप २ डायबेटिस होऊन अकरा वर्षं झाली. जेवणाआधीचं इन्सुलिन सुरू होऊन दोन. त्या रात्री डोस नेहमीचाच होता, जेवायची वेळ नेहमीची होती, आणि कागदावर लिहून दिल्याप्रमाणे भातही घेतला होता ‘एक वाटी’. मग चुकलं कुठे?

दुसऱ्या दिवशी मी केकसाठी आणलेला वजनकाटा कपाटातून काढला. मुलीला आणि नवऱ्याला सांगितलं, माझ्या वाटीत मला नेहमी वाढता तेवढाच भात वाढा. मीही एकदा वाढून घेतला. मुलीचा भरला ११८ ग्रॅम. माझा १६३. नवऱ्याने जरा दाबून भरलेला, २०५. वाटी एकच. शिजलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅममागे साधारण २८ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे शुगर वाढवणारी कर्बोदकं, असतात. म्हणजे त्याच वाटीत एकदा ३३ ग्रॅम, एकदा ४६, एकदा ५७. डॉक्टरांनी मला पुढे ठरवून दिलेलं प्रमाण आहे १० ग्रॅम कार्ब्सला १ युनिट. म्हणजे एका वाटीपायी जवळजवळ अडीच युनिटांचा फरक पडत होता. माझी शुगर एका युनिटने साधारण ४० ने उतरते. १५० वरून ५० वर यायला एवढं पुरेसं आहे.

आदल्या रात्री मला मुलीने वाढलं होतं.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण असं की त्याआधी नऊ-दहा वर्षं मी एक ओझं वाहत होते. जेवणानंतरची शुगर २४० आली की समोरचा पहिला प्रश्न असायचा, “काय खाल्लंत?” घरी तोच प्रश्न, दवाखान्यात तोच. मी सांगायची, तेच, नेहमीचंच. मग समोरची व्यक्ती गप्प व्हायची, आणि त्या गप्प होण्याचा अर्थ मला कळायचा. हळूहळू मलाही वाटायला लागलं की माझाच जिभेवर ताबा नाही. खोटं न बोलताही मी खोटारडी ठरत होते. ‘किती ग्रॅम?’ असं मात्र त्या सगळ्या वर्षांत मला कुणीही विचारलं नाही. औषध आम्ही मिलिग्रॅममध्ये घेतो, इन्सुलिन युनिटमध्ये, रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो. आणि ज्या अन्नामुळे हे सगळं हलतं, त्याचं माप काय, तर ‘एक वाटी’, ‘मध्यम आकाराचं फळ’, ‘थोडासा’.

मध्यम आकाराच्या केळ्याचंच बघा. साल काढून ते ९० ग्रॅमचं असू शकतं, १५० ग्रॅमचंही. १०० ग्रॅमला २३ ग्रॅम कार्ब्स धरले तर पहिल्यात २१ आणि दुसऱ्यात जवळजवळ ३५. दोघांनाही आपण एक केळंच म्हणतो.

आता काट्याविषयी. पोषण दाखवणारे खास काटे मिळतात. पदार्थ वर ठेवायचा, त्याचा सांकेतिक क्रमांक दाबायचा, की पडद्यावर कार्ब्स, फायबर, प्रोटीन, फॅट, सोडियम सगळं येतं. काही ब्लूटूथने फोनला जोडता येतात. मी असा एक काटा चार महिने वापरला. तो वाईट नाही. पण माझं मत असं झालंय की नवशिक्या माणसाने साध्या काट्यापासूनच सुरुवात करावी. ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, शून्य करायचं बटण असलेला. त्याच्याजवळ आपण रोज खातो त्या पंधरा-वीस पदार्थांची यादी चिकटवायची: १०० ग्रॅमला कार्ब्स किती, एवढंच. खास काटा उत्तर देतो, पण गणित आपल्याला कळत नाही. मी चार महिने त्याचे क्रमांक दाबले आणि उकडलेल्या बटाट्यात किती कार्ब्स असतात ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. साध्या काट्यावर स्वतः गुणाकार करायला लागले आणि दोन आठवड्यांत आकडे तोंडपाठ झाले. बटाटा २०. सफरचंद १४. पांढरा ब्रेड जवळपास ५०. दूध ५. द्राक्षं १८, कलिंगड जेमतेम ८. शिवाय खास काट्याच्या पोटातल्या यादीत तुमच्या घरी शिजलेला पदार्थ नसतोच. तिथे शेवटी आपलं आपल्यालाच बघावं लागतं. ज्यांना दृष्टीचा त्रास आहे किंवा गुणाकार जमत नाही, त्यांच्यासाठी मात्र तो खास काटा खरोखर मोलाचा आहे. डायबेटिसमध्ये डोळ्यांवर परिणाम होतो हे लक्षात घेतलं तर मोठे अंक आणि आवाजात वजन सांगणारे काटे ही चैन नाही.

घरी शिजवलेल्या पदार्थाची पद्धत मला सगळ्यात उपयोगी वाटते, म्हणून नीट सांगते. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून ठेवायचं. माझ्या पातेल्याच्या कानाला मी चिकटपट्टी लावून त्यावर वजन लिहिलंय. कच्चा तांदूळ २५० ग्रॅम घेतला, त्यात १०० ला ८० या हिशेबाने २०० ग्रॅम कार्ब्स झाले. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करायचं आणि पातेल्याचं वजा करायचं. भात ७०० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅमला २८.६. पाणी जास्त घालून मऊ शिजवला आणि ८५० भरला, तर १०० ग्रॅमला २३.५. तांदूळ तोच, कार्ब्स तेवढेच, ते फक्त जास्त पाण्यात पसरले. म्हणून ‘भात म्हणजे २८’ हेसुद्धा पाठ करून भागत नाही, आपल्या घरचा आकडा एकदा काढावा लागतो. मिश्र भाजी, सूप, केक, सगळ्याला हीच रीत: आत गेलेल्या कार्ब्सची बेरीज भागिले तयार पदार्थाचं वजन, गुणिले १००. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कच्च्या वजनाला शिजलेल्याचा आकडा लावणं किंवा उलटं. भातात त्या एका चुकीने हिशेब जवळजवळ तिप्पट चुकतो.

बारीकसारीक गोष्टी दोन-चारच. काटा सपाट आणि टणक जागेवर ठेवा, खाली कापड नको. फळ साल आणि बी काढून तोला. ताट ठेवून शून्य करायचं, एक पदार्थ वाढायचा, आकडा बघायचा, पुन्हा शून्य, पुढचा पदार्थ. वाढता वाढता काटा आपोआप बंद पडतो आणि सगळं पुसलं जातं, ते टाळायचं असेल तर बंद व्हायला जास्त वेळ घेणारा काटा बघून घ्या. आणि काटा खरा बोलतोय का हे तपासायला मापाचं पाणी पुरतं: २५० मिलिलिटर पाणी म्हणजे २५० ग्रॅम.

मला सतत विचारला जाणारा प्रश्न: “आयुष्यभर असं तोलत बसायचं? हे काय जगणं झालं?” प्रश्नातला वैताग मला समजतो, आणि त्यामागे खरा इतिहास आहे. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी काटा म्हणजे उपासमारच होती. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या उपचारात रुग्णाला जेमतेम तगवण्यापुरतं अन्न तोलून दिलं जायचं, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. त्यांची रुग्ण एलिझाबेथ ह्यूज ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंग यांच्याकडे पोहोचली तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती आणि तिचं वजन होतं सुमारे २० किलो. तिथे इन्सुलिन मिळालं आणि ती १९८१ पर्यंत जगली. तिच्या फोटोंबद्दल वाचलं तेव्हापासून मी काट्याला हलकं समजत नाही. त्या मुलांसाठी काटा म्हणजे भूक होती.

पण आता तो तसा राहिलेला नाही. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला टाइप १ च्या, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा, रुग्णांना जेवणातले कार्ब्स मोजून त्यानुसार स्वतः डोस ठरवायला शिकवू लागले. ब्रिटनमध्ये तीच पद्धत पाच दिवसांच्या वर्गातून शिकवली, आणि २००२ मध्ये निष्कर्ष आले. लोकांचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) सुधारलं, गंभीर लो, म्हणजे शुगर धोकादायक उतरण्याचे प्रसंग, वाढले नाहीत, आणि जेवणाचं स्वातंत्र्य वाढल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. ‘डॅफ्ने’ (DAFNE) या अभ्यासक्रमाच्या नावातच नेहमीसारखं जेवण्यासाठी डोस जुळवणं असा अर्थ आहे. मला हेच अनुभवाला आलं. वाढदिवसाचा केक मी आता ६० ग्रॅमचा तुकडा तोलून, त्याचं इन्सुलिन घेऊन, सगळ्यांबरोबर बसून खाते. आधी मी तो स्वयंपाकघरात उभ्याने खायची आणि दोन दिवस स्वतःचा राग करायची.

आणि नाही, आयुष्यभर प्रत्येक घास तोलावा लागत नाही. पहिले तीन महिने मी सगळं तोललं. आता फक्त भात, ब्रेड, बटाटा आणि फळं. पालेभाजी, काकडी, अंडं एरवी नाही. बाहेर जेवायला गेले तर काटा नेत नाही, नजर चालते. ती नजर तयार झाली एका सवयीने: काट्यावर ठेवण्याआधी आकडा मोठ्याने बोलायचा, मग ठेवायचा. सुरुवातीला माझा अंदाज पन्नास-साठ ग्रॅमने चुकायचा, आणि चुकायचा तो नेहमी कमीच. आता दहा-पंधराच्या आत असतो. महिन्यातून एकदा पुन्हा आठवडाभर सगळं तोलते, कारण नजर हळूहळू ढिली पडते. वाढीव भात पुन्हा ‘नेहमीचा’ दिसायला लागतो.

काटा सगळं सांगत नाही. सारख्याच ५० ग्रॅम कार्ब्सने डाळीनंतर शुगर सावकाश चढते आणि पांढऱ्या ब्रेडनंतर झपाट्याने. हा फरक मोजण्यासाठीच १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी ग्लायसेमिक इंडेक्स मांडला. जेवण तेलकट असेल तर चढ उशिरा येतो. झोप झाली नाही, ताप आला, चालणं झालं, प्रत्येकाने आकडा हलतो. तरीही इतक्या हलत्या गोष्टींमध्ये एक तरी पक्की धरता येते, याचा मला फार आधार वाटतो.

आता जे मनापासून सांगायचंय ते. प्रत्येकाला काटा लागत नाही. ज्यांचं नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर चांगलं चाललंय, त्यांना अर्धं ताट भाज्या, पाव ताट कार्ब्स, पाव ताट प्रोटीन एवढी शिस्त बहुतेक वेळा पुरते. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्यांना काट्याचा सर्वात जास्त उपयोग. डोस ठरलेला असणाऱ्यांनाही, कारण ठरलेल्या डोसला ठरलेलंच अन्न लागतं, आणि मी त्या रात्री त्यातच फसले. शुगर लो करू शकणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनाही रोजचं प्रमाण सारखं ठेवायला तो मदत करतो. पण आकडे हातात आले म्हणून स्वतःच्या मनाने डोस बदलू नका. माझं १० ला १ हे प्रमाण माझं आहे, तुमचं वेगळं असेल, आणि ते ठरवायला चार-पाच दिवसांची तोललेली नोंद घेऊन डॉक्टरांसमोर बसावं लागतं. अशी नोंद नेली तेव्हा माझ्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच वीस मिनिटं माझ्याशी आकड्यांवर बोलणं केलं.

आणि ज्यांचं खाण्याशी आधीच भांडण आहे, जे उपाशी राहतात, खाऊन ओकतात, वजन उतरावं म्हणून इन्सुलिन टाळतात, त्यांच्या हातात काटा देऊ नका. तिथे तो घातक ठरतो. आधी त्या दुखण्यावर उपचार हवेत. घरात डायबेटिस असलेलं मूल असेल तर तोलणं मोठ्यांनी शांतपणे करावं, ताट वाढून द्यावं, आणि आकड्यावरून त्या मुलाला कधीही बोलू नये. जास्त खाल्लं तर जास्त युनिट, एवढाच त्याचा अर्थ असू द्या.

माझी डॉक्टरांना आणि डायटिशियनना हात जोडून विनंती आहे: कागदावर ‘एक वाटी’ लिहू नका. ग्रॅम लिहा, आणि शिजलेलं की कच्चं तेही लिहा. त्यासाठी अर्धी ओळ जास्त लागेल.

मुलीला त्या रात्रीचं कारण मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. वाटीचे आकडे तिने स्वतः पाहिले होते, तिला कळलंच होतं. आता माझा भात तीच तोलते, आणि आकडा आधी ती बोलते. काल म्हणाली १५०. निघाला १४७.

ज्यांना माझी पदार्थांची यादी हवी असेल त्यांनी खाली लिहा, फोटो टाकते. त्यात माझ्या पातेल्याचं वजन आहे, ते तेवढं खोडून तुमचं लिहा.